कळ्या मोजून काय होणार?

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीत मोदकांची स्पर्धा झाली आणि गाव कुडाळ तालुक्यातलं म्हणून मला परीक्षक करून बसवलं. हातात गुणांचा तक्ता दिला. कळ्या दहा गुण, आकार दहा, मांडणी दहा, सारण पाच, चव पाच. पहिला नंबर ज्या ताटाला गेला त्यातल्या मोदकाला एकतीस कळ्या होत्या. मी स्वतः मोजल्या, दोनदा. देखणा मोदक. तोंडात घातला तर पारीला कसलाच वास नाही आणि सारण पाकिटातल्या सुक्या खोबऱ्याच्या किसाचं, दाताखाली भुसा लागावा तसं. शेवटून दुसऱ्या ताटात एका कॉलेजातल्या मुलाने केलेले मोदक होते. आठ-नऊ ढिल्या कळ्या, एक तर शिवणीत उसवलेला. पण हळदीच्या पानावर उकडलेले, नारळ घरी खोवलेला, पीठ गावच्या तांदळाचं. शेजारच्या परीक्षक बाई हसून म्हणाल्या, "ताई, हा मोदक आहे की बटवा?" मी त्या बटव्याला पैकीच्या पैकी गुण दिले. अर्थात तो हरला. तक्ताच तसा होता.

त्या तक्त्याने मला तेव्हापासून छळलं आहे, कारण तो फक्त आमच्या सोसायटीचा नाही. कोकणी पदार्थांविषयी आपण जे काही बोलतो, लिहितो, महोत्सव भरवतो, त्या सगळ्याच्या मागे हाच तक्ता आहे. आपण गुण देतो ते कष्टाला. आजीच्या हाताला, पाट्यावरच्या वाटपाला म्हणजे वाटणाला, पहाटे चारला पेटलेल्या चुलीला. आणि ज्या जिन्नसांवर ही सगळी चव उभी आहे, तो तांदूळ, ते पान, ते आमसूल, ते तिरफळ, ते मात्र कुठलंही चालवून घेतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. कोकणी स्वयंपाक घराघरांत टिकायचा असेल तर कष्टात मनसोक्त काटछाट करा. मिक्सर वापरा, साचा वापरा, पीठ विकत आणा, कळ्या पाडूच नका. जिन्नसात मात्र तडजोड नको.

आधी कष्टाबद्दल. शिरवाळ्यांचं उदाहरण घेते, कारण ते मी लहानपणी मे महिन्यात दरवर्षी पाहिलं. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच लाकडी शेवग्यात, म्हणजे शेव पाडायच्या साच्यात, घालायचे आणि दाबायचे. गोळा गार झाला की शेव उतरत नाही, म्हणून सगळं चटके खात. खाली केळीच्या पानावर शेवेची वेटोळी पडतात. ती गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायची. शेवगा दाबायला जोर लागतो, म्हणून ते काम काकांचं. दहा मिनिटांचं काम, पण दरवर्षी त्याचं केवढं कौतुक! "आज शिरवाळे मी केलंय," असं काका अंगणातून ओरडून सांगायचे. तांदूळ धुणं, सुकवणं, दळणं, आठ नारळ खोवणं, वाटणं, पिळणं, गोळे वळणं हे ज्यांनी केलेलं असायचं त्या तिघी आत शेवटच्या पंगतीची वाट बघत असायच्या. माझ्या आजीने आयुष्यात हजारो घावने काढले असतील. तिला गरम घावन खाताना मी एकदाही पाहिलं नाही.

तेव्हा 'आजीच्या हाताची चव' हे शब्द ऐकले की मला जरा संशय येतो. त्या चवीचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी शंभरात एक्क्याऐंशी जणी रोज बिनपगारी घरकाम करतात आणि त्यात सरासरी २९९ मिनिटं घालवतात. पुरुषांपैकी शंभरात सव्वीस जण असं काम करतात. त्यांची मिनिटं ९७. हा आकडा रोजच्या डाळभाताचा आहे. त्याच्यावर सणाला पातोळे, खापरोळ्या आणि उकडीचे मोदक 'पारंपरिक पद्धतीनेच' व्हावेत, असा आग्रह धरणारा माणूस नक्की कुणाचा वेळ खर्च करतो आहे? बहुतेकदा स्वतःचा नाही. आणि आजच्या नोकरी करणाऱ्या मुलीने या आग्रहाला जे उत्तर दिलं ते अगदी शहाणपणाचं आहे. तिने तो पदार्थ करणंच सोडून दिलं. अस्सल करायला जमत नाही आणि कसातरी केला तर नावं ठेवतात, मग विकतचे एकवीस आणलेले बरे. आपल्या कौतुकाने पदार्थ वाचला नाही, घराबाहेर गेला.

शिवाय हे 'अस्सल' म्हणजे नेमकं काय? मालवणी मसाल्याचा जीव असलेली मिरची आणि ओल्या काजूच्या उसळीतला काजू, दोन्ही पोर्तुगीजांच्या गलबतांतून आले. त्याआधी इथल्या कालवणाला तिखटपणा मिरीचा असणार. सांदण म्हटलं की काही घरांना फणसाच्या रसातलं गोड सांदण आठवतं, तर कोकणी मुसलमान घरांत तांदळाचं पांढरंशुभ्र, फुगलेलं सांदण असतं. अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणी ज्यू, घरांत पोहे, ओलं खोबरं आणि गुळाचा मलिदा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. तो कोकणी नाही असं कोण म्हणेल? कोंबडीवड्यांच्या पिठात काय काय दळायचं, यावर मालवण आणि सावंतवाडी यांचं एकमत व्हायचं नाही. एका वाडीतल्या दोन घरांचंही होत नाही. सारस्वतांचं, चित्पावनांचं, भंडाऱ्यांचं, गाबितांचं, सीकेपींचं वाटप वेगवेगळं. पाट्यावरून मिक्सरवर जाताना कोणी श्राद्ध घातलं नाही, चुलीवरून गॅसवर येताना कोणी परवानगी मागितली नाही. मग नेमक्या कळ्यांपाशीच परंपरा का अडावी?

आता जिन्नस. इथे मात्र मी हट्टी आहे.

हळदीचं पान घ्या. पातोळ्यात ते नुसतं वेष्टण नसतं. पानावर तांदळाचं पीठ पसरायचं, मध्ये गूळखोबरं, पान दुमडायचं आणि वाफेवर ठेवायचं. वाफ पानातून जाताना त्यातलं तेल पिठात उतरतं आणि घरभर जो वास सुटतो तोच पातोळा. नागपंचमीला चिरायचं-तळायचं नाही म्हणून वाफवलेलं करायचं, आणि तेव्हाच परसातली हळद पान देण्याइतकी वाढलेली असते, असा हा मेळ आहे. केळीच्या पानावर केला तर चांगलाच लागेल, पण तो दुसरा पदार्थ झाला. उलट, पीठ मिक्सरमध्ये वाटलं, मोदकपात्राऐवजी इडलीपात्रात उकडलं, तर त्या पातोळ्याला काहीही होत नाही. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

सोलकढीचं तर हसू येतं. आमसूल कसं होतं हे ती पिणाऱ्या दहांतल्या किती जणांना ठाऊक असेल? एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. ते फोडून बिया-गर बाजूला, साली उन्हात. त्या साली पुन्हा रसात भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या, अशी पुटावर पुटं. रसात मीठ घालून ठेवलं की आगळ. बियांचं तेल काढून त्याचा गोळा पायांच्या भेगांना. वळिवाचा पाऊस आठ दिवस लवकर आला की सगळं मुसळ केरात. हे सगळं कुणीतरी भर उन्हात अंगणात करत असतं आणि इकडे शहरात 'अस्सल मालवणी' पाटीखाली बिटाचा रंग दिलेली कढी ग्लासातून येते. रंग इतका भडक की आगळाला जन्मात येणार नाही. खरी सोलकढी फिकट, जरा मळकट गुलाबी असते आणि तासाभरात फाटायला लागते. फाटत नसेल तर विचारावं, यात काय आहे म्हणून. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हापूसला २०१८ साली. मानांकनाने नाव राखलं जातं, ठीक आहे. पण आमसूल करणाऱ्या बाईचा माल घरोघरी रोजच्या आमटीत पडला नाही, तर त्या नावाचं ती काय करणार?

तांदळाचंही तेच. 'मोदकाचं पीठ' म्हणून मिळणाऱ्या पिठात कुठला तांदूळ आहे हे पाकिटावर क्वचित लिहिलेलं असतं. आमच्याकडे वालय असायचा, तांबूस. त्याची पेज एकीकडे आणि पातळ कुरकुरीत पोळ्या दुसरीकडे. आज शेतं पडीक आहेत. माणसं मुंबईला, मजुरी परवडत नाही, आणि उरलंसुरलं वानरं-माकडं आणि डुकरं नेतात. गावाला गेलेला चाकरमानी परत येताना वाटेत बासमतीचा तुकडा घेऊन येतो. ज्या तांदळाला घरातच गिऱ्हाईक नाही तो शेतात कोण लावील?

आणि कुळथाची पिठी! सगळ्यात जास्त मला तिचंच वाईट वाटतं, कारण तिच्याबाबतीत वेळ नाही ही सबबही चालत नाही. भाजलेल्या कुळथाचं पीठ डब्यात असेल तर लसणाची फोडणी, दोन मिरच्या, चार आमसुलं, पाण्यात कालवलेलं पीठ, आणि दहा मिनिटांत गरम भातावर वाढायला तयार. वरणापेक्षा सोपी. कुकरसुद्धा लागत नाही. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ येतो. वेगळं पाणी मागत नाही, खत मागत नाही. तरीही ती आपल्या ताटातून गेली. का गेली? मला वाटतं, लाजेने. पिठी गरिबाची. पाहुणा आला की पिठी लपवायची आणि श्रीखंडाचा डबा काढायचा, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे. टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या, शेवग्याचा पाला, सुक्या जवळ्याची चटणी, हे सगळं त्याच लाजेत बुडालं. मग हॉटेलांनी आपल्याला सांगितलं की कोकणी जेवण म्हणजे सुरमईची थाळी, कोंबडीवडे आणि शेवटी मोदक. आपण मान डोलावली. रोजचं जेवण विसरून आपण सणाचं तेवढं लक्षात ठेवलं, आणि सणाचं जेवण रोज रांधून कुठलीच परंपरा जगत नाही. ती जगते ती भात-पिठीवर.

गंमत अशी, की जिन्नस महत्त्वाचा आणि हात दुय्यम, हे आपल्या आधीच्या पिढ्यांना चांगलं कळत होतं. गिरणगावातला चाकरमानी खोलीत दहा-बारा जणांत राहायचा, बायको गावाला. तो जेवायचा खानावळीत, परक्या बाईच्या हातचं. त्या खानावळवाल्या बायकांनीच तर मुंबईत आमच्या पुरुषांच्या दोन पिढ्या जगवल्या. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते त्या सावकाराच्या कचाट्यात होत्या म्हणून. कोणी म्हटलं नाही की आईच्या हातचं नाही तर ते कोकणी नाही. पण गावाहून येताना गाठोड्यात काय असायचं? तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकट, चार नारळ. आधी बोटीने, मग एसटीच्या टपावरून, १९९८ नंतर कोकण रेल्वेच्या बाकाखालून. पाककृती कोणी गाठोड्यात बांधली नाही. ती मुंबईत कोणाच्याही हातून झाली असती. जिन्नस मात्र गावचाच लागायचा.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो खरा आहे. माझी मोठी बहीण तो नेहमी घेते. ती म्हणते, "हात सोडलास की जिन्नसही जाणार. ज्याने नारळ कधी खोवला नाही त्याला पाकिटातल्या किसाचा राग कसा येईल?" याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. हाताला कळतं ते जिभेला उशिरा कळतं, हे मान्य. उकड मळताना ती कधी मऊ झाली, पाण्याचा हात किती लावायचा, हे कुठल्याही मापात सांगता येत नाही. तांदूळ नवा की जुना यावर पाणी बदलतं. नारळाचा पहिला रस आणि दुसरा रस यांतला फरकही बोटांनीच शिकावा लागतो. म्हणून मी एवढं मागे सरकते, की उकड आणि रस या दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाने, मुलग्यांनीसुद्धा, एकदा तरी स्वतःच्या हाताने कराव्यात. पाट्यावर वाटणं, चुलीवर धुरात बसणं, एकवीसच्या एकवीस मोदकांना कळ्या, हे मात्र मी त्यात धरत नाही. ते हौस म्हणून करावं, सक्ती म्हणून नको. बहिणीला हे पटलेलं नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. नारळ महागलाय, गावचा तांदूळ महाग, खरं आमसूल महाग. हो. पण मग पदार्थ कमी वेळा करा. वर्षातून दोनदा नारळाच्या रसातली खापरोळी खाल्ली तर काही बिघडत नाही; दर रविवारी नारळाच्या डबाबंद दुधातली खाण्यापेक्षा ते बरं. पूर्वी तरी काय रोज होत होती? आणि पिठी, टाकळा, आठळ्या यांना पैसे पडत नाहीत, पडते ती लाज सोडण्याची किंमत.

सार्वजनिक पातळीवर काय करता येईल हे सांगायला मी कोणी अधिकारी नाही, पण काही गोष्टी डोळ्यांसमोर आहेत. शाळांत परसबागा करायला सांगतात. कोकणातल्या शाळेच्या परसबागेत हळद, अळू आणि शेवगा असावा आणि पोषण आहारात आठवड्यातून एकदा पिठी-भात असावा. मुलांनी शाळेत खाल्लेलं अन्न गरिबाचं राहत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकमाच्या जाती काढल्या, आंब्याच्या काढल्या, ते मोठं काम आहे. पण झाडाला बाजार लागतो आणि बाजार स्वयंपाकघरात सुरू होतो. बचतगटाच्या बायका गणपतीत मोदक विकतात त्याला माझा पाठिंबा आहे. निदान तिथे कष्टाला पैसे मिळतात, घरात तेही नाहीत. फक्त त्यांनी पाटीवर कळ्या किती हे लिहिण्याऐवजी तांदूळ कुठला हे लिहावं. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी तो तक्ता बदलावा. मी आमच्या सोसायटीत बदलायला सांगितला. कळ्यांचे गुण दहावरून पाचवर आणले गेले. मांडणीचे दहा तसेच आहेत.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना गावी गेले होते. बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे तिखट कालवणाला, तिरफळं हवी होती. ताज्या हिरव्या तिरफळाचा तो जिभेला झिणझिण्या आणणारा वास दुसऱ्या कशाला येत नाही, म्हणून त्या तिखल्यात आम्ही लसूणसुद्धा घालत नाही. आमचं झाड रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं. दुसरं वाडीच्या टोकाला आहे, उंच, बुंध्याला वरपर्यंत जाड काटे. त्यावर चढणारा माणूस आता एकच उरलाय, साठी ओलांडलेला. झाड फळांनी भरलेलं होतं, काही आपोआप गळून खाली काळी पडलेली. मी त्याला म्हटलं, "भाऊ, एवढी तिरफळं वाया जातायत, उतरवत का नाही?"

त्याने खांद्यावरचा टॉवेल झटकला. "कोण खातासा वाटता? बाजारात न्हेलंय तर पोरां इचारतत ह्या काय म्हणून. तुमी घेतल्यात तर चढतंय. नायतर कशाक काटे टोचून घेवचे?"

मी दोन किलो सांगितली. एवढ्या तिरफळांचं मुंबईत काय करायचं याचा अजिबात विचार न करता.